सोलापूर ते थाप-चाम

सोलापूरहून पूर्वेकडे गेलेला माणूस म्हटलं की शहराला आधी डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ च्या सप्टेंबरात ते मुंबईहून बोटीने चीनला निघाले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्यानंतर कितीतरी वर्षं त्या दिशेला जायचं तर काहीतरी भक्कम कारण लागायचं. परिषद, व्यापार, नोकरी, शिष्टमंडळ. नुसतं बघायला, तेही गाठीच्या थोड्या पैशांत जावं, हे कुणाच्या मनातही येत नसे. साठच्या दशकात पु. ल. देशपांड्यांचं ‘पूर्वरंग’ आलं, मराठी घरांनी बाली आणि जपान आवडीने वाचले. मात्र वाचणाऱ्याला तिकडे जायचं तर परकीय चलन कुठून आणायचं? एक काळ असा होता की देश सोडताना हातात जेमतेम आठ डॉलर मिळत.

१९७५ साली टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्याचं ‘साउथ-ईस्ट एशिया ऑन अ शूस्ट्रिंग’ निघालं. ऑस्ट्रेलिया-युरोपातली पोरं ते पुस्तक पाठपिशवीत घालून बँकॉक, पेनांग, बाली पायाखाली घालू लागली. व्हिएतनाम तेव्हा नुकताच युद्धातून बाहेर पडत होता. १९८६ मध्ये त्याने ‘दोई मोई’ नावाने अर्थव्यवस्था मोकळी करायला घेतली, नव्वदच्या दशकात एकटेदुकटे प्रवासीही तिथे पोचू लागले. त्यात आपली माणसं फार थोडी. मला वाटतं, आपला पाय पैशापेक्षा परवानग्यांमध्ये जास्त अडकला होता. सरकारची परवानगी, वकिलातीची परवानगी आणि घरची परवानगी.

पहिल्या दोन हळूहळू सुटल्या. पासपोर्टसाठी पूर्वी पुण्याची वारी ठरलेली. २०१७ पासून पोस्टाच्या कार्यालयांत पासपोर्टची केंद्रं उघडू लागली आणि जिल्ह्याच्या गावातल्या माणसाचा एक दिवसाचा पगार आणि एसटीचं भाडं वाचलं. हे वाचलेले पैसे कुणी मोजत नाही. मला ते फार मोठे वाटतात. थायलंडला विमानतळावर उतरून व्हिसा मिळायचा, पण रांगेत उभं राहून दोन हजार बाट भरायचे आणि मागितलं तर माणशी दहा हजार बाट जवळ असल्याचं दाखवायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसाची अटच उरली नाही, पुढच्याच महिन्यात मलेशियानेही व्हिसा माफ केला. व्हिएतनामसाठी आधी एजंटकडून मंजुरीचं पत्र मागवायचं, मग तिथे उतरून शिक्क्याचे डॉलर वेगळे मोजायचे, अशी पद्धत होती. २०१७ च्या अखेरीस आपल्याला ई-व्हिसा खुला झाला, पंचवीस डॉलरमध्ये. ऑगस्ट २०२३ पासून त्यावर नव्वद दिवस राहता येतं.

जायचा रस्ताही बदलत गेला. २०१० च्या सुमारास स्वस्त विमान म्हणजे चेन्नईहून क्वालालंपूर. सोलापूर मुंबई–चेन्नई मार्गावर असल्याचा तेव्हा खरा उपयोग झाला, रात्रीची गाडी पकडली की थेट चेन्नई. २०२२ पासून मुंबईहूनच व्हिएतनामला थेट विमानं सुटू लागली आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठणं पुरेसं झालं.

तिसरी परवानगी मात्र कुठल्याच सरकारच्या हातात नव्हती. “एकटीच? आणि ऱ्हाणार कुठं?” हा प्रश्न मी आईकडून, मावशीकडून, शेजारच्या काकूंकडूनही ऐकला. गंमत अशी की आपल्याच जिल्ह्यात पंढरपूर आहे. आषाढीला लाखो बायाबापड्या डोक्यावर बोचकं घेऊन चालत येतात, शाळेच्या पडवीत आणि देवळाच्या ओवरीत झोपतात, आणि त्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. वाटेत सोबतीला अनोळखी माणसं मिळतात आणि ती सांभाळून घेतात, ही समजूत आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती देशाच्या सीमेपलीकडेही चालते, एवढंच मला आईला पटवायचं होतं. डॉर्मिटरीत मुलींसाठी स्वतंत्र खोली असते, पाच ते आठ डॉलरमध्ये खाट आणि सामानाला कुलूपबंद कप्पा मिळतो, हे फोटो दाखवून सांगितलं. तिने होकार दिला आणि कडक भाकरी करायला घेतली.

सोलापूरकराला स्वस्त प्रवासाचं हे सामान घरातच मिळतं. ज्वारीची पातळ, कडकडीत वाळवलेली भाकरी कितीतरी दिवस टिकते. सोबत शेंगा चटणी, बस्स. व्हिएतनामात न्वोक-माम हा मासळीचा सॉस जवळपास प्रत्येक पदार्थात पडतो, त्यामुळे शाकाहारी माणूस पहिले दोन दिवस बावरतो. नंतर ‘चाय’ अशी पाटी ओळखू येऊ लागते. ही बौद्धांची शाकाहारी खानावळ. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला अनेक जण मांस-मासळी वर्ज्य करतात, त्या दिवशी तिथे गर्दी असते आणि ताटभर भात-भाजी स्वस्तात मिळते. पैशांच्या बाबतीत एक गोष्ट नवख्याला मी आवर्जून सांगते. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डाँग, म्हणून नोटांवर शून्यंच शून्यं. त्यात वीस हजाराची आणि पाच लाखाची, दोन्ही नोटा निळसर. दोन्ही वेगवेगळ्या खिशांत ठेवाव्यात.

मुलं सर्वात आधी विचारतात ती मोटारसायकल. इथे मी कडक होते. आपल्याकडे मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या करारावरचा आहे, व्हिएतनाम १९६८ चा करार मानतो. भाड्याने गाडी देणारा काही विचारत नाही, पण अपघात झाला तर विमा कंपनी नक्की विचारते. रात्रीची स्लीपर बस आहे, आणि हनोई ते सायगाव १,७२६ किलोमीटर धावणारी रेल्वे आहे. मला रेल्वेच आवडते. मुक्कामाचे पैसे वाचतात आणि सकाळी खिडकीतून भातखाचरं दिसतात.

होई-आनजवळच्या मी-सनला जायला सकाळची सामायिक बस घ्यावी. डोंगरांच्या कुशीत चाम या इथल्या जुन्या समाजाच्या राजांची शैव देवळं आहेत. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वराची स्थापना केली. पुढची अनेक शतकं देवळं उभी राहत गेली, विटेला वीट अशी घट्ट बसलेली की मधला सांधा शोधावा लागतो. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत त्यांतला सर्वात मोठा मनोरा कोसळला. खड्डे अजून दिसतात. १९९९ मध्ये युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारशात घेतलं. नंतर आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसं तिथल्या डागडुजीला गेली आणि २०२० मध्ये त्यांना नवव्या शतकातलं एकसंध वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. श्रीसिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात ज्या सोलापूरभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, तिथल्या माणसाला हे बघताना परकं वाटणं शक्य नाही. मी तिथे दुपारपर्यंत बसून होते. घाईच्या सहलीत तासाभरात बसमध्ये परत बोलावतात, आणि कमी पैशांत फिरणाऱ्याकडे वेळ भरपूर असतो, हा फायदा मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

मी-सन आता पूजेचं ठिकाण राहिलेलं नाही. पूजा चालते ती दक्षिणेला, फान-रांगजवळच्या पो-क्लोंग-गराई मनोऱ्यात. थाप-चाम स्टेशनवर उतरलं की तो टेकडीवर जवळच दिसतो. चामांपैकी बरेच जण आजही तिथे काते नावाचा उत्सव करतात. देवाची वस्त्रं डोंगरातले रागलाय लोक सांभाळतात, ती वाजतगाजत आणली जातात. सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज पाहत वाढलेल्या मुलीला त्या मिरवणुकीत काय वाटतं, ते तिनेच जाऊन बघावं.

मला हल्ली विचारणाऱ्यांत यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या आणि विडी वळणाऱ्या बायकांच्या घरातल्या मुलीही असतात. दहा-बारा वर्षांपूर्वी नसत. त्यांच्यासाठी विमानाचं तिकीटच अजून सर्वात मोठा खर्च आहे, म्हणून त्यांना मी सांगते, कातेच्या तारखा चाम पंचांगाप्रमाणे ठरतात, बहुतेक ऑक्टोबरच्या आगेमागे येतात. आधी ती तारीख पक्की करा, मग काही महिने अगोदर तिकीट काढा. व्हिसा त्यानंतरही होतो.