वजन तेच, शरीर वेगळं

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. कागदावर दोघेही सडपातळ. शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं, अशी ठेवण भारतीयांमध्ये सर्रास दिसते. तिच्यात चरबी जास्त असते आणि स्नायू कमी. रक्तातली साखर सर्वाधिक शोषून घेतात ते स्नायूच. म्हणून ‘पाच किलो उतरवायचे’ हे ध्येय अपुरं आहे. नुसतं जेवण तोडलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. काटा खाली येतो, पण जिना चढताना पूर्वीसारखाच दम लागतो.

मग चरबी घटवताना ताकद आणि दमसास दोन्ही वाढवता येतात का? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने हे तपासलं आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वजन जास्त असलेल्या ४० तरुणांचा आहार चार आठवडे गरजेपेक्षा सुमारे ४० टक्के कमी ठेवला आणि आठवड्यातून सहा दिवस कसून व्यायाम करून घेतला. एका गटाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १.२ ग्रॅम प्रथिनं मिळाली, दुसऱ्याला २.४ ग्रॅम. ताकद आणि दमसास दोन्ही गटांचे वाढले. मात्र जास्त प्रथिनं खाणाऱ्यांची सरासरी ४.८ किलो चरबी गेली आणि चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढलं. दुसऱ्या गटाची चरबी ३.५ किलोने घटली, पण चरबीविरहित वजन जेमतेम १०० ग्रॅमनी वाढलं.

इतका कडक कार्यक्रम घरी करू नये. त्यातलं तत्त्व तेवढं घ्यावं: खाण्यात कपात बेताची, प्रथिनं भरपूर आणि स्नायूंना पुरेसं काम.

आपल्या ताटाची अडचण इथेच येते. वजन उतरवताना आणि ताकदीचा व्यायाम करताना दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं हे वाजवी लक्ष्य आहे. ६५ किलोच्या माणसाला ती ८० ते १०० ग्रॅम होतात. वरण-भात, पोळी-भाजीवर हा आकडा गाठणं कठीण. एका अंड्यातून ६ ग्रॅम, पेलाभर दुधातून ८, १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ आणि ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समधून सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. शेंगदाण्यात प्रथिनं चांगली असली तरी जवळजवळ निम्मं तेल असतं, त्यामुळे ते मूठभरच बरे. तालमीतल्या पैलवानाला तूप, बदाम, थंडाई पचते, कारण तो शेकड्यांनी जोर-बैठका मारतो आणि तासन्‌तास लढत करतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने त्याचा खुराक उचलला, तर पोटच वाढेल.

जोर-बैठका मात्र जरूर उचलाव्यात. जोराने छाती, खांदे, दंड तयार होतात; बैठकांनी मांड्या. जोडीला काहीतरी ओढण्याचा व्यायाम हवा: पुलअप्स, दोर किंवा भरलेली पिशवी कमरेपर्यंत खेचणं. दर एक-दोन आठवड्यांनी वजन किंवा संख्या थोडी वाढवावी. एरवी शरीर सरावतं आणि प्रगती थांबते.

दमसास वाढवण्याच्या नादात ताकद घालवू नये. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने १९८० साली दहा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात आठवड्यातून पाच दिवस ताकदीचा आणि सहा दिवस दमसासाचा जोरकस व्यायाम एकत्र करणाऱ्यांची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत वाढली, मग थांबली आणि शेवटी घसरली. सामान्य माणसाचा व्यायाम इतका नसतो, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा व्यायाम आणि तीन दिवस पाऊण तास झपाझप चालणं, ही सुरुवात पुरेशी आहे. चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये, इतका वेग ठेवावा. दोन्ही एकाच दिवशी करायचे, तर ताकदीचा आधी.

झोपेचाही यात मोठा वाटा आहे. शिकागो विद्यापीठाच्या २०१० सालच्या एका छोट्या प्रयोगात कमी खाणारे लोक साडेआठ तास अंथरुणात राहिले तेव्हा १४ दिवसांत त्यांची १.४ किलो चरबी गेली. साडेपाच तासच मिळाले तेव्हा फक्त ०.६ किलो. एकूण वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच घटलं होतं.

मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल, मधुमेहाची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी आजच शिवणकामाचा टेप काढून कंबर मोजावी. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. कंबरेचं माप आणि एका दमात होणाऱ्या बैठका वहीत लिहून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा मोजा.