वटारहून माणसे कुठे जातात?

वसई तालुक्यातील वटार हे वाड्यांचे आणि भाजीपाल्याचे गाव. सकाळी येथून निघालेली माणसे नालासोपारा किंवा विरार स्थानक गाठतात आणि पुढे पांगतात. कोण नालासोपाऱ्यातच थांबते, कोण अंधेरीला जाते, याचा अंदाज बांधल्याखेरीज रस्ता वा लोहमार्ग आखता येत नाही. एमएमआरडीएच्या २००८ मधील ‘ट्रान्सफॉर्म’ या महामुंबईच्या वाहतूक अभ्यासातही हा प्रश्न होताच.

नियोजनकार प्रदेशाचे विभाग पाडतात. प्रत्येक विभागातून किती प्रवास निघतात आणि किती येऊन पोहोचतात, हे घरोघरच्या पाहणीतून काढतात. उरतो तो कोठून कोठे किती, याचा तक्ता. तेथे चक्क न्यूटन मदतीला येतो. ॲलन व्हूरहीस या अमेरिकी नियोजनकाराने १९५५ मध्ये गुरुत्वाकर्षणाची कल्पना शहरी प्रवासाला लावली. नोकऱ्या अधिक तेथे ओढ अधिक. प्रवासाचा वेळ वाढेल तशी ती घटते.

समजा, वटारहून रोज ९०० जण कामाला निघतात. नालासोपारा २० मिनिटांवर, अंधेरी ८० मिनिटांवर. मात्र अंधेरीत नोकऱ्या ३२ पट. वेळ चौपट, त्याचा वर्ग १६. म्हणून अंधेरीची ओढ दुप्पट. ६०० जण अंधेरीला, ३०० नालासोपाऱ्याला. (आकडे अर्थातच काल्पनिक; वर्गाऐवजी कोणता घात घ्यायचा, हे प्रत्यक्षात पाहणीवरून ठरते.) आता लोकल वेगवान होऊन अंधेरी ६० मिनिटांवर आली, तर तिकडे सुमारे ७०० जण जातील. गाव तेच, माणसे तीच. नवा मार्ग जुनी गर्दी वाहतो, तशीच नवी ओढूनही आणतो. बोरिवली-विरार पाचव्या-सहाव्या मार्गिकांकडे पाहताना हे विसरता येत नाही.

खरी मेख विभागाच्या सीमेत असते. प्रारूपात अख्खा विभाग एका बिंदूत आकसतो. वटार विरारच्या इमारतींबरोबर एकाच विभागात टाकले आणि बिंदू स्थानकाजवळ धरला, की स्थानकापर्यंतची मिनिटे हिशेबातून गळतात. वटार-आगाशी ये-जा विभागाच्या पोटातच राहते, रस्त्यांच्या नकाशावर उमटत नाही. मग तेथे बस वाढवावी काय, याचे कागदावरचे उत्तर ‘मागणी नाही’ असे निघते.

दुसरी गळती वेळेची. आकडेमोड बहुधा सकाळच्या ऐन गर्दीच्या तासांची होते. भाजीच्या टोपल्या घेऊन उपनगरांतील बाजार गाठणाऱ्या वसईच्या बायका त्याआधीच, पहाटेच्या गाडीने निघून गेलेल्या असतात.