विद्यापीठाचा कचरा आणि त्यावरील हक्क

गणेशखिंडीतील ज्या विस्तीर्ण आवारात एके काळी मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम असे आणि जेथे १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाचा कारभार आज चालतो, ते सुमारे ४११ एकरांचे क्षेत्र म्हणजे वसतिगृहे, उपाहारगृहे, प्रयोगशाळा, कचेऱ्या आणि कर्मचाऱ्यांची निवासस्थाने यांनी गजबजलेले एक गावच होय. आणि वस्ती म्हटली की कचरा आलाच. परंतु विद्यापीठाच्या कचऱ्याची रीत नगराच्या कचऱ्याहून थोडी निराळी असते, कारण तो शैक्षणिक वर्षाच्या चालीने चालतो. प्रवेशाच्या दिवसांत अर्ज आणि माहितीपत्रके यांचे ढीग पडतात. परीक्षा आटोपून वसतिगृहे रिकामी होऊ लागली की चार-सहा दिवसांत गाद्या, बादल्या, चपला, वह्या आणि मोडकी टेबले व्हरांड्यात येऊन पडतात. फाल्गुनात पानगळ सुरू झाली की झाडलोट करणाऱ्यांचा सारा दिवस पाला गोळा करण्यात जातो. आणि मुदत संपलेल्या उत्तरपत्रिका गोपनीयतेच्या कारणास्तव रीतसर नष्ट कराव्या लागतात, तो व्यवहार निराळाच. ज्या कचऱ्याचे वेळापत्रक इतके आधी ठाऊक असते, त्याची तजवीजही आधी करता येते. विद्यापीठांना ही एक मोठी सोय लाभलेली आहे आणि तिचा उपयोग करून घेण्याची तसदी फार थोडी विद्यापीठे घेतात.

वर्गीकरण म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यावयाचे तर एखाद्या विभागाच्या कोपऱ्यातील टोपलीकडे पाहावे. दुपारपर्यंत तीत चुकलेल्या छपाईचे कागद, एखादे पाकीट, पुठ्ठ्याचे खोके एवढेच पडलेले असते. हा कागद कोरडा राहिला तर रद्दीच्या वजनकाट्यावर त्याला दर मिळतो, आणि त्यातही पांढरा कागद छापील वर्तमानपत्री कागदापासून व पुठ्ठ्यापासून निराळा काढला तर तो दर चढा असतो. गिरणीत त्याचा लगदा होतो व लगद्यातून पुन्हा कागद निघतो. मग कोणी तरी तळाशी घोटभर चहा राहिलेला पेला त्याच टोपलीत टाकतो, दुसरा कोणी उसळीचा रस्सा लागलेला डबा कागदाने पुसून तो कागद त्यावर ठेवतो, आणि ज्याला मोल होते ते सारे एका क्षणात निर्मूल्य होऊन बसते. तो पेलाही कागदाचा दिसतो खरा, परंतु आतून त्यास प्लॅस्टिकचा पातळ लेप असल्यामुळे साध्या कागदाच्या लगद्यात त्याचा निभाव लागत नाही. म्हणून कचरा वेगळा करावयाचा तो टाकणाऱ्याच्या हातून, टाकण्याच्या क्षणी. एकदा मिसळलेला कचरा पुन्हा निवडण्याचे काम कोणाला तरी उघड्या हातांनी, उग्र दर्पात, फुटक्या काचांतून करावे लागते. आणि पुण्यात ते काम पिढ्यान्‌पिढ्या बहुतांशी दलित समाजातील स्त्रियांच्या वाट्याला आलेले आहे.

या स्त्रियांच्या इतिहासात एका विद्यापीठाचा जो भाग आहे तो आपल्या शिक्षणक्षेत्राला भूषणावह असून त्याची वाच्यता मात्र पुरेशी झालेली नाही. १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुणे येथील प्रौढशिक्षण विभागात काम करणाऱ्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या कचरा वेचणाऱ्या स्त्रियांसाठी साक्षरतेचे वर्ग चालवीत होत्या. दिवसभर पाठीवर ओझे वाहून आलेल्या बाईला रात्री पाटीवर मुळाक्षरे गिरविण्याची ओढ कोठून असणार? तेव्हा शिकविण्याचा आग्रह बाजूस ठेवून या दोघी त्यांच्या बरोबर फेरीवर निघाल्या, कचराकुंड्यांत त्यांच्यासमवेत हात घातला, आणि त्यांच्या ध्यानी आले की घरोघरच्या लोकांनी कोरडा कचरा वेगळा करून हाती दिला तर याच स्त्रियांचे उत्पन्न वाढेल, श्रम घटतील आणि कुंडीतील घाणीशी त्यांचा संबंध पुष्कळच कमी होईल. वर्गीकरणाचा विचार येथे पर्यावरणाच्या पाठ्यपुस्तकातून नव्हे, श्रमाच्या हिशेबातून उगवला. विद्यापीठाने ओळखपत्रे दिली, काही वस्त्यांत वेगळा केलेला कचरा दारात मिळू लागला; आणि याच भागात एका उद्योजकाने गाडी आणून तोच कचरा उचलण्याचा बेत केला तेव्हा आपली भाकरी जाते आहे हे ओळखून त्या स्त्रिया एकजुटीने उभ्या राहिल्या. त्यातूनच १९९३ साली, डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली भरलेल्या परिषदेत, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढे याच संघटनेतून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली पुणे महानगरपालिकेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार तिच्याशी केला. ज्यांना चोर समजून हुसकावून लावले जाई, त्या स्त्रिया शहराच्या मान्यताप्राप्त सेविका झाल्या.

कायदाही या दिशेने बराच पुढे आलेला आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन प्रकार वेगळे ठेवण्याचे बंधन प्रत्येकावर घातले. दररोज सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या आस्थापनांत महाविद्यालये व विद्यापीठे यांचा नामनिर्देशाने अंतर्भाव केला. आणि ५,००० चौरस मीटरहून मोठ्या आवाराच्या संस्थांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्य तोवर स्वतःच्या हद्दीतच लावावी व पुनर्वापरयोग्य जिन्नस अधिकृत कचरावेचकांच्या किंवा पुनर्चक्रण करणाऱ्यांच्या हवाली करावेत, असा दंडक घातला. पुनर्वापरयोग्य जिन्नस कचरावेचकांना देण्याच्या या शेवटच्या कलमाकडे माझ्या मते सर्वांत कमी लक्ष दिले गेले.

ओल्या कचऱ्याची बाब त्या मानाने सोपी आहे, आणि विद्यापीठाच्या आवारात तर विशेषच सोपी. खरकटे नुसते साठविले तर ते कुजून दुर्गंधी सुटते, कारण त्यात नत्र आणि ओल अधिक असते. सुका पाला नुसता रचला तर तो महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो, कारण त्यात कर्ब अधिक व ओल नाममात्र. दोहोंचे थर एकाआड एक दिले, कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण तीसास एक एवढे जमले, ओल पिळलेल्या फडक्याइतकी राहिली आणि आठवड्याला ढीग खालीवर केला, की आतील जंतूंच्या कार्याने उष्णता ५५ ते ६० अंशांपर्यंत चढते, रोगजंतू व तणाचे बी मरते आणि दीड-दोन महिन्यांत मातीचा सुवास येणारे काळे खत हाती येते. जेथे भोजनगृहाचे खरकटे आणि वृक्षांचा पाला ही दोन्ही एकाच कुंपणाच्या आत सापडतात, तेथे पाला पेटवून धूर करणे हे नियमबाह्य तर आहेच, शिवाय ती हातातील संपत्तीची राखरांगोळी आहे. प्रयोगशाळेतील रसायने, सुया, जुने संगणक व विद्युत्घट यांस स्वतंत्र नियम आहेत व त्यांचा मार्ग सर्वस्वी निराळाच ठेवला पाहिजे. वसतिगृहांतील सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, एवढीच कचरावेचक स्त्रियांची मागणी आहे; ती प्रत्येक मुलीच्या कानी पहिल्याच आठवड्यात घालावी.

अनेक संस्थांत मात्र गाडी निराळ्याच ठिकाणी अडते. निविदा निघते, हिरव्या-निळ्या डब्यांची रांग लागते, खताचे यंत्र बसविले जाते, उद्घाटन होते. आणि संध्याकाळी सफाईच्या ठेकेदाराची गाडी येऊन सर्व डबे एकाच हौद्यात रिते करते. विद्यार्थ्याने हे एकदा पाहिले की दुसऱ्या दिवशी त्याला कोणताही फलक पटत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. सुक्या कचऱ्यावर ज्याची उपजीविका आहे त्याला त्या कचऱ्याचा हक्क दिला, तरच डब्यापासून भंगाराच्या दुकानापर्यंतची साखळी कोणी तरी डोळ्यांत तेल घालून सांभाळील. ठरीव दराने, वजनावर कचरा उचलणाऱ्यास तो वेगळा राहण्यात काहीच स्वारस्य नसते. यासाठी लागते ते थोडेच: एक पत्र्याची शेड, पाणी, हात धुण्याची व बसण्याची जागा, वजनकाटा, आणि आवारात निर्वेधपणे ये-जा करता येईल असा सहीशिक्क्याचा परवाना.

तेव्हा ज्यांची मुले-मुली महाविद्यालयांत शिकत आहेत, जे स्वतः तेथे शिकवितात किंवा अधिसभेवर बसतात, त्यांना माझी विनंती आहे की आपल्या संस्थेतील सुका कचरा आज कोणाच्या हाती जातो आणि त्या हातांना त्याचे काय मिळते, याची लेखी चौकशी त्यांनी येत्या सत्रारंभापूर्वी करावी.