ढकलपास, दाखला आणि रंगवलेली फरशी

पेण आणि रोहा तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळेचा विषय निघाला की, मग तो एस.टी.च्या थांब्यावर असो वा पंचायत समितीच्या आवारात, ‘आता परीक्षाच नाहीत, सगळे ढकलपास’ असे कोणी ना कोणी म्हटल्यावाचून राहत नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या सोळाव्या कलमाने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली, हे खरे. परंतु मुलाला काय येते हे पाहूच नका, असे त्यात कोठेही म्हटलेले नव्हते. उलट २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली-दुसरीत वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाला ७० आणि सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाला ३० टक्के भार दिला, सातवी-आठवीत तो ४० आणि ६० असा ठरविला, आणि जे मूल ‘ड’ श्रेणीत वा तिच्याही खाली राहील त्याला जादा मार्गदर्शन करून किमान ‘क-२’ पर्यंत आणण्याची जबाबदारी शिक्षकावर टाकली. या व्यवस्थेतला फुकटचा अर्धा भाग गावोगाव पोहोचला आणि कष्टाचा अर्धा नोंदवहीत राहिला, असे माझे मत आहे. शिवाय आता तो फुकटचा भागही पूर्वीसारखा उरलेला नाही: कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीच्या आधारे राज्याने २०२३ मध्ये नियम बदलले, आणि पाचवी वा आठवीत नापास झालेले मूल पुनर्परीक्षेतही उत्तीर्ण झाले नाही, तर त्याच वर्गात राहते.

दुसरा गैरसमज फरशीचा. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर साताऱ्याच्या कुमठे बीटमधील शाळांचे अनुकरण सुरू झाले, आणि ज्ञानरचनावाद (मुलाने स्वतः करून शिकणे) म्हणजे वर्गाच्या जमिनीवर ऑइलपेंटने काढलेले अंक व अक्षरे, असे पुष्कळांना वाटू लागले. मूल त्या चौकटींवर बसून चिंचोके मांडते, मोजते, चुकते आणि पुन्हा मांडते, तेव्हा त्या रंगाचा उपयोग. एरवी तीच मुले हाताची घडी घालून रांगेत बसणार असतील, तर खर्च तेवढा रंगाचा झाला.

तिसरा समज मात्र खरोखरच घातक आहे. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे मुकादमाची उचल फेडण्यासाठी मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीत परततात. त्या मुलांना ‘दाखला आणा, मग पाहू’ असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही शाळेला आहे, असे मानले जाते. वस्तुतः शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार दाखल्यास विलंब झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि चौथ्या कलमानुसार शिक्षणात खंड पडलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गातच बसवून विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. यासाठीच राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे: स्थलांतराच्या आधी शाळेने ते भरून पालकांच्या हाती द्यायचे, आणि भट्टीजवळच्या शाळेने ते पाहून मुलाला बसवून घ्यायचे. अर्थात, कुटुंब कोणत्या दिवशी निघणार याची वर्दी शाळेला आधी लागली पाहिजे, आणि त्यासाठी दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच शिक्षकाने वाडीवर एक फेरी मारणे आले.