मुलाम्याची चांदी : खुणा आणि मोल

मुळशी तालुक्यातील एखाद्या कुटुंबात नैवेद्याचे ताट, वाट्या वा चमचे ‘चांदीचे’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपलेले असतात. अडचणीच्या वेळी ते पुण्याच्या सराफाकडे नेले म्हणजे त्यांतील काही नग केवळ मुलाम्याचे ठरतात. उलटपक्षी, अस्सल चांदीचा विलायती चमचा मुलाम्याचा समजून मोडीत जाण्याचाही संभव असतो. जुन्या बाजारात खरेदी करणाऱ्यापुढेही हाच प्रश्न असतो. म्हणून या वस्तूंवरील खुणांचा नेमका अर्थ जाणून घेणे अगत्याचे आहे.

चांदीचा पातळ पत्रा तांब्यावर उष्णतेने व दाबाने सांधण्याची रीत शेफील्ड येथे टॉमस बोल्सोव्हर याने इ. स. १७४३च्या सुमारास शोधून काढली. पुढे १८४०मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याच्या कृतीचे एकस्व मिळविले आणि जुनी रीत मागे पडली. नव्या रीतीत मुलाम्याखाली बहुधा जर्मन सिल्व्हर असे. हा तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू होय; नावात चांदी असली तरी त्यात चांदीचा अंशही नसतो.

‘ई.पी.एन.एस.’ ही अक्षरे अशा धातूवरील विद्युत्-मुलाम्याची निदर्शक होत. ‘ए-वन’ ही कारखानदाराने स्वतःच दिलेली प्रत असून तिला शासकीय प्रमाण नाही. ही अक्षरे पुष्कळदा निरनिराळ्या चौकटींत उमटविलेली असल्याने ती परीक्षण-मुद्रांसारखी भासतात. फसगत होते ती येथेच. इंग्लंडच्या ९२५ कसाच्या चांदीवर चालत्या सिंहाची मुद्रा असते. भारतात २००५पासून भारतीय मानक ब्यूरोची त्रिकोणी मुद्रा व शुद्धतेचा अंक चांदीवर उमटविला जाऊ लागला. तथापि जुन्या देशी भांड्यांवर खूण नसणे हा चांदी नसल्याचा पुरावा मानता येत नाही.

खूण नसेल तेथे दोन परीक्षा उपयोगी पडतात. पहिली झिजेची : ताटाचा काठ, भांड्याचा तळ आणि चमच्याची पाठ येथे मुलामा प्रथम उडतो व खालचा तांबूस वा पिवळसर धातू दिसू लागतो. दुसरी घनतेची : ४२० ग्रॅम वजनाचे भरीव चांदीचे भांडे पाण्यात पूर्ण बुडविल्यास सुमारे ४० मिलिलिटर पाणी बाजूस सारते, तितक्याच वजनाचे जर्मन सिल्व्हरचे भांडे सुमारे ४८ मिलिलिटर सारते. या परीक्षेत वस्तूवर ओरखडाही उमटत नाही.

आता मोलाचा विचार. २५ सेंटिमीटर व्यासाच्या ताटाच्या दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ सुमारे ९८० चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर २० मायक्रॉन जाडीचा थर धरला तर चांदी सुमारे २० ग्रॅम होते. थर १ मायक्रॉनचा असेल तर जेमतेम १ ग्रॅम. हीही धातूपासून वेगळी काढण्यास खर्च येतो. अर्थात मुलाम्याच्या वस्तूस चांदीच्या भावाने तोलणे सर्वथा चुकीचे होय. तिचे मोल कारखानदाराचे नाव, घडणीचे कौशल्य, थराची शाबूत स्थिती आणि संचाची पूर्णता यांवर ठरते. चांदी वजनावर विकली जाते, मुलामा नगावर. हा भेद ध्यानी ठेवला म्हणजे विकणारा व घेणारा दोघेही फसत नाहीत.