घोड्याची जखम आणि पीआरपी: गैरसमज व वस्तुस्थिती

प्लेटलेटयुक्त प्लाझ्मा, म्हणजेच पीआरपी, हा बहुधा त्याच घोड्याच्या रक्तातून वेगळा काढलेला भाग असतो. मानेच्या शिरेतून सायट्रेट घातलेल्या नळ्यांमध्ये रक्त घेतात, ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि तांबड्या पेशी तळाशी गेल्या की प्लेटलेटचा थर अलगद उचलून घेतात. घोड्याचे रक्त या कामाला सोयीचे. त्यातल्या तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली बसतात. नळी स्टँडवर नुसती उभी ठेवली तरी तासाभरात वर पिवळसर प्लाझ्मा दिसू लागतो. सेंट्रिफ्यूजनंतर प्लेटलेटचे प्रमाण मूळ रक्ताच्या साधारण 3 ते 5 पट झालेले असते. त्यात कॅल्शियम क्लोराइड किंवा थ्रॉम्बिन मिसळले की मिश्रण गोठते आणि त्याची जेली होते. जखमेवर ठेवतात ती हीच.

पीआरपी म्हणजे स्टेम सेल उपचार, असे अनेक घोडेमालक धरून चालतात. तसे नाही. प्लेटलेट या तर पूर्ण पेशीही नव्हेत. त्यांना केंद्रक नसते. त्यांच्यातल्या सूक्ष्म कणिकांमध्ये पेशींच्या वाढीला चालना देणारी प्रथिने साठवलेली असतात आणि प्लेटलेट सक्रिय झाल्या की ती बाहेर पडतात. पीआरपीतून नवी कातडी उगवत नाही. कातडी घोड्याचे शरीरच तयार करते, पीआरपी त्याला फक्त इशारे पुरवते.

इशारे जितके जास्त तितकी जखम लवकर भरेल, हा दुसरा समज त्याहून पक्का आहे, आणि घोड्याच्या बाबतीत तो सर्वात महागात पडू शकतो. घोड्याच्या अंगावरची जखम आणि गुडघ्याखालची जखम एकाच पद्धतीने भरत नाहीत. छातीवरची किंवा पुठ्ठ्यावरची मोठी जखमही कडा आत ओढल्या जाऊन बरीचशी मिटते. तारेने कापलेल्या पायाच्या नळीवर मात्र कातडी घट्ट ताणलेली, खाली स्नायू नाहीत, फक्त हाड आणि कंडरा. तिथे कडा आत येत नाहीत आणि नवी त्वचा कडेपासून दिवसाला जेमतेम 0.1 मिलिमीटर सरकते. दरम्यान जखमेच्या मध्यात लाल, दाणेदार मांस वाढत जाते आणि कातडीच्या पातळीच्या वर फुगते. या फाजील मांसात मज्जातंतू नसल्यामुळे ते कापताना घोड्याला वेदना होत नाहीत, पण रक्त भरपूर वाहते. म्हणून पशुवैद्य ते खालून वर कापत जातात, म्हणजे वाहणाऱ्या रक्ताने पुढची जागा झाकली जात नाही.

असे मांस वाढण्यामागे टीजीएफ-बीटा 1 या प्रथिनाचा मोठा हात असतो. पायाच्या जखमेत ते गरजेपेक्षा जास्त काळ टिकून राहते. आणि प्लेटलेटमध्ये नेमके हेच प्रथिन भरपूर असते. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहा घोड्यांच्या पुढच्या पायांवर छोट्या जखमा करून काहींवर पीआरपी लावली गेली. उपचार केलेल्या जखमांत टीजीएफ-बीटा 1 दीडपटीहून जास्त आढळले, फाजील मांस अधिक वाढले आणि पहिले तीन आठवडे जखमा उलट हळू भरल्या. त्याआधी, 2003 मध्ये, पीआरपीचे कौतुक करणारा निष्कर्ष आला होता; पण तो एकाच घोड्यावरच्या निरीक्षणांचा होता. कौतुक पसरले ते या निष्कर्षाचे.

याचा अर्थ पीआरपी निरुपयोगी आहे असा नव्हे. 2009 च्या संशोधकांनीच सुचवले की ताज्या, छोट्या जखमेत शरीराकडे आवश्यक ती प्रथिने आधीच पुरेशी असतात. खूप ऊती गेलेल्या किंवा दीर्घकाळ रेंगाळलेल्या जखमेत मात्र पीआरपीला वाव असू शकतो. प्रश्न जखमेत काय कमी आहे हा आहे. ते न पाहता प्रत्येक जखमेवर पीआरपी लावणे म्हणजे निदानाआधी औषध देणे.

रेंगाळलेल्या जखमेतही आधी कारण शोधावे लागते. आत हाडाचा मृत तुकडा किंवा लाकडाची सल राहिलेली असेल, माश्यांनी आणलेल्या हॅब्रोनेमा जंतांच्या अळ्या असतील किंवा जखम म्हणून जे दिसते ते सारकॉइड ही गाठ असेल, तर पीआरपीने काही साधत नाही. गाठीत वाढीची प्रथिने सोडणे तर धोक्याचेच. भारतात आणखी एक शक्यता डोळ्यांआड करता येत नाही: ग्लँडर्स. पायावरून ओळीने फुटणाऱ्या, चिकट स्राव गळणाऱ्या गाठी हे त्याचे लक्षण. 2006 मध्ये महाराष्ट्रात या रोगाने पुन्हा डोके वर काढले होते. तो माणसालाही होतो आणि सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. अशा घोड्याच्या जखमेला उघड्या हाताने स्पर्शही करू नये.

पीआरपी लावली की जखम धुण्याची किंवा प्रतिजैविकाची गरज उरत नाही, हे खरे नाही. प्लेटलेटमधली काही प्रथिने प्रयोगशाळेत जंतूंना रोखतात. चिखल, शेण आणि मेलेल्या ऊतींनी भरलेल्या जखमेत त्या गुणावर विसंबता येत नाही. आधी मीठपाण्याने धुणे, मृत भाग काढणे, धनुर्वाताची लस, आणि मग बाकीचे. धनुर्वाताला घोडा पाळीव जनावरांत सर्वात जास्त बळी पडतो, त्यामुळे इथे चालढकल चालत नाही.

‘स्वतःचेच रक्त, मग धोका कसला?’ या बोलण्यात अर्धे तथ्य आहे. शरीर ते नाकारत नाही, पण तबेल्यात उघड्या सुईने आणि धूळ बसलेल्या टेबलावर तयार केलेल्या पीआरपीत जंतू वाढायला वेळ लागत नाही. दुसऱ्या घोड्याचे रक्त वापरले तर विषाणूंचा प्रश्न येतो; घोड्याच्या प्लाझ्मापासून बनवलेल्या उत्पादनांतून यकृताला सूज आणणारा पार्व्होव्हायरस पसरल्याचे आढळले आहे.

सर्व पीआरपी सारखीच असते असेही नाही. सेंट्रिफ्यूजचा वेग, किती वेळ फिरवले, पांढऱ्या पेशी किती आल्या, यावर तिचे गुण बदलतात. पांढऱ्या पेशी जास्त असतील तर दाहही वाढू शकतो. शिवाय निरोगी घोड्यांतही प्लेटलेटची संख्या सारखी नसते, त्यामुळे एकाच यंत्रातून दोन घोड्यांची पीआरपी वेगळी निघते. तयार झालेल्या नमुन्यातल्या प्लेटलेट मोजल्याशिवाय घोड्याला नक्की किती मात्रा मिळाली हे सांगता येत नाही.