लहान मुलांची परिचर्या : सेवा कीं विद्या ?

आजारी पडलेलें मोठें माणूस आपलें दुखणें सांगूं शकतें. कोठें दुखतें, केव्हांपासून दुखतें, रात्रीं झोंप लागली कीं नाहीं, हें सर्व तें डॉक्टरांपुढें मांडतें. पंधरा दिवसांच्या अर्भकाला यांतलें कांहींच साधत नाहीं. त्याच्या वतीनें दुसऱ्या कोणीतरी श्वास मोजावा लागतो, कातडीचा रंग पाहावा लागतो, दूध ओढण्याचा जोर कालच्यापेक्षां कमी झाला काय हें ओळखावें लागतें. घरीं हें काम आई आणि आजी करतात; रुग्णालयांत तें परिचारिकेकडे येतें. डॉक्टर दिवसांतून दोन-तीन वेळां पाहून जातात. परिचारिका मात्र आपली सर्व पाळी त्या उशाशीं असते. असें असतां तिच्या शिक्षणाचा आणि उत्कर्षाचा विचार आपल्या सुशिक्षित कुटुंबांत जितका व्हावा तितका होत नाहीं, म्हणून हा लेखप्रपंच.

हा विषय आम्हांस पुस्तकांतून सुचलेला नाहीं. प्रवरेच्या कांठीं वसलेल्या आमच्या बेलापुरांत मुलांच्या दुखण्यांचा कारभार पूर्वीं वडीलधाऱ्या बायकांच्या हातीं असे. बाळघुटीची सहाण, ओव्याची पुरचुंडी आणि शेकशेगडी, हा घरोघरचा दवाखाना. त्या ज्ञानाची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण अपुऱ्या दिवसांच्या मुलापुढें त्याचे हात टेकत. रेल्वेचें स्टेशन नांवानें बेलापूर खरें, परंतु तें आहे श्रीरामपुरांत. तेथवर पोहोंचून पुढें नगर गांठणें, हा आजारी मुलाला घेऊन करण्याचा प्रवास नव्हे. आज मोटारी आहेत, रस्ते आहेत, म्हणून मूल रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोंचतें. पोहोंचल्यावर तें कोणाच्या हातीं पडतें, हा खरा प्रश्न.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या धाकट्या सूनबाईंना आठव्या महिन्यांतच वेणा लागल्या आणि पावणेदोन किलो वजनाचा मुलगा झाला. त्याला मुलांच्या एका मोठ्या रुग्णालयांत कांचेच्या पेटींत ठेवावें लागलें. तेथल्या एका तरुण परिचारिकेशीं पहिल्याच दिवशीं आमचा खटका उडाला. आमच्या मातोश्रींनीं देवाचा अंगारा नेला होता, आणि तो बाळाच्या कपाळीं लावूं द्यावा असा त्यांचा आग्रह होता. ती मुलगी नम्रपणें पण ठामपणें नाहीं म्हणाली. कोपरापर्यंत हात धुतल्यावांचून ती कोणासही पेटीजवळ येऊं देईना. "मोठ्या डॉक्टरांना बोलवा," असें आम्हीं तिला चढ्या आवाजांत सुनावलें. चौथ्या रात्रीं तिच्याच ध्यानांत आलें कीं, नळीनें दिलेलें दूध पोटांत तसेंच राहत आहे, पोट किंचित फुगलें आहे, आणि एरव्हीं हात लागतांच पाय ओढून घेणारें मूल आज निपचित आहे. यंत्राची घंटा वाजलेली नव्हती. तिनें डॉक्टरांना झोंपेंतून उठविलें. रक्तांत जंतुदोष शिरत होता. औषध त्याच रात्रीं सुरू झालें. तो मुलगा आज शाळेंत जातो. दुसऱ्या दिवशीं हें समजलें तेव्हां आमच्या मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. निघतांना मात्र त्यांनीं त्या मुलीचें नांव विचारलें. इतक्या दिवसांत तें आम्हांपैकीं कोणींही विचारलें नव्हतें.

तिला कळलें तें नुसत्या मायेनें नव्हे; ती शिकलेली नजर होती. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ वेळां किंवा त्याहून अधिक चालूं लागला, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या मुलाचा पन्नास, आणि त्यापुढें पांच वर्षांपर्यंतच्या मुलाचा चाळीस, कीं फुप्फुसाच्या दुखण्याची शंका धरावी, असा आज जगभर मानलेला नियम आहे. नियम पाठ करणें सोपें. रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या मुलाला शांत करून त्याचा श्वास पुरें एक मिनिट मोजणें अवघड. औषधाचेंही तसेंच. मोठ्या माणसाची मात्रा बहुधा ठरलेली असते. मुलाची वजनावर बेतावी लागते. दोन किलोचें अर्भक आणि वीस किलोचा मुलगा एकाच छपराखालीं असतात; दशांशचिन्ह एक घर सरकलें तर मात्रा दसपट होते. असें काम ज्या हातांनीं व्हावयाचें, ते हात नुसते प्रेमळ असून भागत नाहीं. ते शिकलेले आणि सतत शिकत राहणारे पाहिजेत.

हें सत्य मुलांच्या रुग्णालयांच्या आरंभकाळींच ओळखलें गेलें होतें. लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथें डॉ. चार्ल्स वेस्ट यांनीं १८५२ सालीं अवघ्या दहा खाटांचें मुलांचें रुग्णालय उघडलें, आणि दोनच वर्षांनीं, १८५४ सालीं, आजारी मुलांची शुश्रूषा कशी करावी यावर परिचारिकांसाठीं पुस्तक लिहिलें. आपल्याकडे मुंबईस परळ येथें बाई जेरबाई वाडिया यांच्या नांवानें मुलांचें रुग्णालय १९२९ सालीं उभें राहिलें.

पण इमारत उभी राहिली म्हणजे परिचारिका उभी राहते असें नाहीं. त्यासाठीं समाजाचें मन तयार करावें लागतें, आणि तें काम आपल्या महाराष्ट्रांत रमाबाई रानडे यांनीं केलें. १९०९ सालीं पुण्यास सुरू झालेल्या सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयांत परिचर्या शिकूं लागल्या, त्यांत तरुण विधवा पुष्कळ होत्या. परक्याचें मलमूत्र काढणें, कोणत्याही जातीच्या रोग्यास शिवणें, रात्रीं घराबाहेर राहणें, या तिन्ही गोष्टी त्या काळच्या ब्राह्मण घराला विटाळासारख्या वाटत. त्यांच्यापूर्वीं ज्या ख्रिस्ती भगिनींनीं हें काम पत्करलें होतें, त्यांच्या हातून आपण औषध घेतलें, पण त्यांना मान दिला नाहीं. हेंही प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. पुढें केरळांतून आलेल्या शेंकडों मुलींनीं आपलीं रुग्णालयें चालविलीं, तेव्हांही आपलें वर्तन फारसें निराळें नव्हतें.

१९४६ सालीं भोर समितीनें आपला अहवाल दिला, त्या वेळीं या देशांत त्रेचाळीस हजार माणसांमागें एक परिचारिका होती, आणि ब्रिटिश हिंदुस्थानांत १९३७ सालीं जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं १६२ मुलें वर्षाच्या आंत दगावलीं होतीं. २०२० सालच्या सरकारी नमुना-पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत हाच आंकडा १६ वर आला. लसी, औषधें, स्वच्छ पाणी, मातांचें शिक्षण, हीं त्याचीं कारणें आहेतच. पण लस टोंचणारा आणि बाळाला ऊब देणारा हात बहुतेक वेळां परिचारिकेचाच होता. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं खेड्यांतील स्त्रियांना नवजात मुलांची काळजी घेण्यास शिकविलें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें तुलनेच्या गांवांपेक्षां तेथील नवजातांचे मृत्यु तिसऱ्या वर्षीं ६२ टक्क्यांनीं उतरले होते. शिकविलेल्या हातांचा प्रभाव याहून स्पष्ट कोठें दिसावा ?

शिक्षणाची वाट आज मोकळी आहे. दिल्ली आणि वेल्लोर येथें १९४६ सालीं परिचर्येची पदवी सुरू झाली. आतां पदविका तीन वर्षांची, पदवी चार वर्षांची. पुढें बालपरिचर्या हा विषय घेऊन एम्.एस्सी. होतां येतें, आणि नवजातांच्या परिचर्येचा एक वर्षाचा स्वतंत्र अभ्यासक्रमही आहे. बेलापूरच्या मुलीस त्यासाठीं मुंबई गांठावी लागत नाहीं. जवळच लोणीस प्रवरा वैद्यकीय संस्थेंत परिचर्या महाविद्यालय आहे. अडचण येते ती नोकरी लागल्यावर. दोन-तीन वर्षें मुलांच्या दालनांत राहून जिची नजर तयार झाली, तिला दुसऱ्या दालनांत धाडतात आणि तिच्या जागीं नवी येते. बढती मिळाली कीं ती खाटेपासून दूर, नोंदवहीपाशीं जाऊन बसते. रजा मागावी तर बदली माणूस नाहीं. अर्भकांच्या अतिदक्षता-दालनांत प्रत्येक पाळीला तीन-चार खाटांमागें एक परिचारिका असावी असें सरकारी मार्गदर्शन आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटेपूर्वीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजातांच्या दालनाला आग लागून दहा बाळें गेलीं. त्या रात्रीचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. परंतु अशा दालनांत जागतीं माणसें किती असावींत, हा प्रश्न त्या रात्रीपुरता नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, परिचारिकेचा उत्कर्ष ही तिच्यावर करावयाची मेहेरबानी नसून तो मुलांच्या संरक्षणाचा उपाय आहे. तिला मुलांच्याच दालनांत टिकूं द्यावें; खाटेजवळ राहूनही तिचा दर्जा आणि वेतन वाढावें; शिकण्यासाठीं पगारी रजा मिळावी; आणि शंका आल्यास मध्यरात्रीं डॉक्टरांना उठविण्याचें तिला भय वाटूं नये. या गोष्टी चालकांच्या हातच्या आहेत. पण आपल्या हातचेंही कांहीं आहे. आपण वडिलांच्या स्मरणार्थ रुग्णालयास पंखा देतों आणि पात्यावर नांव घालतों; त्याऐवजीं एका परिचारिकेच्या वर्षभराच्या शिक्षणाचा खर्च उचलला तर तें स्मारक पंख्याहून अधिक टिकेल. ती हात धुण्यास सांगेल तेव्हां वाद न घालतां धुवावे, आणि पहिल्याच दिवशीं तिचें नांव विचारावें.

शेवटचें एक. आपल्या घरांतली एखादी हुशार मुलगी "मी परिचारिका होतें" म्हणाली, तर आपण काय उत्तर देऊं ? "डॉक्टर कां होत नाहींस ?" हेंच आपल्या तोंडून प्रथम निघेल. सेवासदनांतल्या विधवांना घरीं दुसरा मार्ग नव्हता म्हणून त्या गेल्या, असें आपण समजत आलों. आतां सारे मार्ग मोकळे असतांनाही एखादी मुलगी हाच निवडूं इच्छिते, तेव्हां तिला अडवूं नये. कांचेच्या पेटींतलें मूल उद्यां कोणाच्याही घरचें असूं शकतें.